छोट्या शिकारीसाठी पहिली बंदूक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ससा, खार, होला, तितर, लावा, बदक अशा लहान प्राण्या-पक्ष्यांच्या शिकारीसाठी पहिली बंदूक घेणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरे देताना एकच कसोटी समोर ठेवली आहे : जनावर पहिल्याच बारात, जागच्या जागी मेले पाहिजे. पोटात गोळी बसलेला ससा झुडपात शिरतो, हाती लागत नाही आणि तडफडत मरतो. असा प्रसंग ज्या बंदुकीने तुमच्या हातून सर्वात कमी वेळा घडेल, ती तुमच्यासाठी योग्य बंदूक. दुकानातली चर्चा ताकद, लांब पल्ला आणि दिसणे यांभोवती फिरते. त्या तिन्ही गोष्टी नवशिक्याच्या फारशा कामाच्या नसतात.

रायफल घ्यावी की शॉटगन?

आधी हे ठरवा की चाप ओढताना तुमचे जनावर बसलेले असणार की हलते. फांदीवर थांबलेली खार, बांधावर कान टवकारून बसलेला ससा यांच्यासाठी रायफल. उडालेला तितर, पळता ससा, पाण्यावरून उठलेले बदक यांच्यासाठी शॉटगन, म्हणजे छर्‍याची बंदूक.

रायफलमधून एकच गोळी जाते आणि ती नेमक्या जागी लागावी लागते. शॉटगनमधून दीड-दोनशे छर्रे एकत्र निघतात आणि पुढे पसरत जातात. हलत्या जनावराला त्यातले चार-पाच जरी नीट लागले तरी ते पडते.

यात सुरक्षेचाही मोठा भाग आहे. .२२ ची, म्हणजे सुमारे ०.२२ इंच व्यासाच्या नळीच्या रायफलची, चिमुकली गोळी नळी वर करून झाडली तर जवळजवळ अडीच किलोमीटर जाऊ शकते. गोळ्यांच्या डब्यावर तसा इशाराच छापलेला असतो. ६ नंबरचे छर्रे (हा नंबर छर्‍याचा आकार सांगतो) मात्र साधारण सव्वादोनशे मीटरच्या पुढे जात नाहीत. म्हणून आकाशाकडे, झाडाच्या शेंड्याकडे किंवा टेकडीच्या माथ्यावर उभ्या जनावरावर रायफल कधीही झाडू नका. खार मारायची तर ती खोडाला चिकटलेली असताना मारा, म्हणजे चुकलेली गोळी लाकडात अडकेल. मागे माती किंवा जाड खोड दिसत नसेल तर बोट चापावर जाता कामा नये.

कायद्याचे काय?

बंदूक निवडण्याआधी ते पाहा. कोणते जनावर, कोणत्या महिन्यांत, कोणत्या हत्याराने मारता येते हे देशागणिक, कधी कधी प्रांतागणिक बदलते. भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार वन्य प्राण्यांची शिकार बंद आहे. तिथे बंदुकीचा परवाना असला तरी शिकारीची मुभा मिळत नाही. जिथे शिकार कायदेशीर आहे, अशा बऱ्याच ठिकाणी आधी प्रशिक्षण आणि परीक्षा असते. बंदुकीत किती काडतुसे भरावीत यावरही बंधन असू शकते. अमेरिकेत स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीत शॉटगनमध्ये एका वेळी तीनच काडतुसे चालतात. हे पान शिकार कायदेशीर असलेल्या ठिकाणी राहणाऱ्या, परवाना घेऊन शिकार करणाऱ्या लोकांसाठी आहे.

जो तो .२२ लाँग रायफलच का सुचवतो?

कारण शिकण्यासाठी तिच्यासारखे दुसरे काही नाही. ही गोळी १८८७ पासून वापरात आहे आणि आजही जगात सर्वाधिक खपणाऱ्या गोळ्यांपैकी एक आहे. गोळी साधारण ४० ग्रेनची, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅमची. धक्का जवळजवळ नाही. आवाज इतर बंदुकांच्या मानाने कमी. गोळ्या स्वस्त, त्यामुळे सराव भरपूर होतो. आणि सरावाशिवाय नेम बसत नाही.

धक्क्याचा मुद्दा वरवर वाटतो त्यापेक्षा महत्त्वाचा आहे. मोठा धक्का देणाऱ्या बंदुकीने सुरुवात केली की शरीर घाबरायला शिकते. चाप दाबायच्या क्षणी डोळे मिटतात, खांदा पुढे येतो, नळी खाली झुकते. ही सवय एकदा लागली की मोडायला फार वेळ लागतो. .२२ वर शिकलेल्या माणसाला ती सहसा लागत नाही.

गोळ्यांत मुख्य दोन प्रकार लक्षात ठेवा. जलद गोळी सेकंदाला साधारण ३८० मीटर वेगाने निघते, म्हणजे आवाजाच्या वेगापेक्षा जास्त, त्यामुळे हवेत कडाका ऐकू येतो. मंद, म्हणजे सबसॉनिक गोळी ३२० मीटरच्या आसपास असते, तो कडाका होत नाही आणि शेजारचा ससा अनेकदा जागेवरच बसून राहतो. गोळीचे टोक पोकळ असलेले घ्या, म्हणजे हॉलो पॉइंट. भरीव गोळी सशातून आरपार जाते, पुढे धोका वाढवते आणि जनावर कधी कधी जखमी होऊन पळते. पोकळ टोकाची गोळी अंगात पसरते आणि ताकद तिथेच सोडते.

आणखी एक गोष्ट नव्या माणसाला कोणी सांगत नाही. प्रत्येक .२२ ला स्वतःची आवड असते. एकाच कारखान्यातल्या, लागोपाठ क्रमांकाच्या दोन रायफली वेगवेगळ्या गोळ्यांवर खूश असतात. म्हणून सुरुवातीला एकाच कंपनीचा मोठा साठा करू नका. चार-पाच प्रकारांचा एकेक डबा आणा. नळी वाळूच्या पिशवीवर टेकवून ५० मीटरवर प्रत्येकाचे पाच-पाच बार काढा आणि भोके किती जवळ जवळ पडली ते पाहा. ज्या गोळीचा घोळका सर्वात लहान, ती तुमची गोळी. मग तिचा साठा करा.

.२२ चा दोष म्हणजे ती उसळते. पाण्यावर, दगडावर, गोठलेल्या जमिनीवर कमी कोनात लागली की भलतीकडेच जाते. तळ्याच्या काठी ती वापरू नये.

.१७ एचएमआर किंवा .२२ मॅग्नम घेतली तर पल्ला वाढेल ना?

वाढतो. .१७ एचएमआर ही साधारण ०.१७ इंच व्यासाची गोळी २००२ मध्ये आली. १७ ग्रेनची गोळी सेकंदाला जवळजवळ ७८० मीटर वेगाने जाते, तिचा मार्ग सरळ असतो आणि ती जमिनीवर लागल्यावर बहुतेक वेळा फुटून जाते, त्यामुळे उसळण्याचा धोका कमी. पण अंगावर लागली तर मांस खराब करते, गोळ्या महाग पडतात आणि वाऱ्याने ती सरकते. .२२ मॅग्नम १९५९ ची, ताकदवान, खाण्यासाठी मारलेल्या खारीला जरा जास्तच. दोन्ही चांगल्या आहेत. पण पहिली म्हणून नकोत, कारण महाग गोळीने सराव कमी होतो.

बोल्ट अ‍ॅक्शन की सेमी-ऑटोमॅटिक?

माझे मत स्पष्ट आहे : बोल्ट. प्रत्येक बारानंतर हाताने बोल्ट मागे-पुढे करावा लागतो, आणि त्या एका क्षणात माणूस विचार करतो. पहिली गोळीच मोजून झाडायची सवय लागते. बोल्ट उघडा ठेवला की बंदूक रिकामी आहे हे चार हात लांबूनही दिसते. मंद गोळ्याही तिच्यात बिनतक्रार चालतात. काही सेमी-ऑटो, म्हणजे बारानंतर पुढची गोळी आपोआप भरणाऱ्या, रायफलींना त्या पुरेसा जोर देत नाहीत आणि गोळी अडकते.

सेमी-ऑटो वाईट नाहीत. १९६४ पासून बनत आलेली रुगर १०/२२ आजही लोक आवडीने घेतात आणि तिचे सुटे भाग सहज मिळतात. पण दहा गोळ्या भरलेले मॅगझिन हातात असले की "एक चुकली तर दुसरी आहेच" असा भरवसा नवशिक्याला वाटू लागतो. तो भरवसा जनावराला महागात पडतो.

शॉटगन घ्यायची ठरली. १२ बोअर, २० बोअर की .४१०?

बोअरचा आकडा उलटा चालतो, हे आधी समजून घ्या. नळीच्या आतल्या व्यासाएवढ्या शिशाच्या गोल गोळ्या ओतल्या आणि एका पौंडात १२ बसल्या, तर ती १२ बोअर. २० बसल्या तर २० बोअर. म्हणून आकडा मोठा तशी नळी बारीक. १२ बोअरचा आतला व्यास साधारण १८.५ मिलिमीटर, २० बोअरचा १५.६. .४१० मात्र या हिशेबात नाही. तो थेट व्यास आहे, ०.४१० इंच, म्हणजे साडेदहा मिलिमीटरच्या जवळपास.

पहिल्या बंदुकीसाठी मी २० बोअर सुचवतो. वजन पावणेतीन किलोच्या आसपास, दिवसभर हातात घेऊन चालता येते. २५ ग्रॅम शिशाचे साधे काडतूस सशापासून तितरापर्यंत सगळ्याला पुरते. बारीक चणीच्या माणसालाही धक्का सोसतो.

१२ बोअर घेतली तरी चूक नाही. अंगापिंडाने मजबूत असाल, बदकांची शिकार जास्त करणार असाल, तर तीच घ्या. काडतुसांचे सर्वाधिक प्रकार तिच्यात मिळतात. फक्त सुरुवातीला २४ किंवा २८ ग्रॅमची हलकी काडतुसे वापरा. ७६ मिलिमीटरच्या मॅग्नम काडतुसांनी सशाला काही वेगळे होत नाही. त्रास होतो तो तुमच्या खांद्याला.

.४१० बद्दल मात्र सावध करतो, कारण लहान बंदूक म्हणजे सोपी बंदूक असा समज पक्का झालेला आहे. तिच्या साध्या काडतुसात १४ ग्रॅम शिसे बसते. ६ नंबरच्या छर्‍यांचा हिशेब केला तर २० बोअरमध्ये सुमारे १९५ छर्रे, तर .४१० मध्ये ११०-११५. तीस-पस्तीस मीटरवर हा झोत इतका विरळ होतो की पक्षी भोकांमधून निसटतो किंवा एखाद-दुसरा छर्रा घेऊन उडून जातो. मुरलेला शिकारी तिने सुंदर काम करतो, कारण तो जवळ जातो आणि मधोमध मारतो. नवशिक्याच्या हातात ती जखमी करण्याचे हत्यार ठरते. वीस मीटरच्या आत, बसलेल्या सशावर किंवा खारीवर वापरणार असाल तर हरकत नाही.

एक धोका इथेच सांगतो. १२ आणि २० बोअरची काडतुसे एकाच खिशात, एकाच पिशवीत कधी ठेवू नका. २० बोअरचे काडतूस १२ च्या नळीत टाकले तर ते घसरून पुढे जाऊन अडकते. मागून पाहिले तर कोठी, म्हणजे नळीचा काडतूस बसणारा मागचा भाग, रिकामी दिसते. माणसाला वाटते की भरायचे राहिले, मग तो वरून १२ चे काडतूस भरतो आणि चाप ओढतो. नळी हातातच फुटते. याच कारणाने २० बोअरची काडतुसे पिवळ्या रंगात बनवण्याची पद्धत पडली. घरात दोन्ही बंदुका असतील तर शिकारीला निघण्यापूर्वी जॅकेटचे सगळे खिसे उलटे करून पाहा.

चोक आणि छर्‍यांचा नंबर कसा निवडायचा?

चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी केलेले आवळण. जितके आवळलेले, तितके छर्रे उशिरा पसरतात. ३६ मीटरवर ७६ सेंटीमीटरच्या वर्तुळात किती टक्के छर्रे पडतात यावर ते मोजतात : सिलिंडरला सुमारे ४०, इम्प्रूव्ह्ड सिलिंडरला ५०, मॉडिफाइडला ६०, फुलला ७०. पहिल्या बंदुकीला इम्प्रूव्ह्ड सिलिंडर लावा आणि बराच काळ तोच ठेवा. लहान शिकारीतले बहुतेक बार पंचवीस-तीस मीटरच्या आतलेच असतात. फुल चोकने इतक्या जवळून मारलेला तितर ताटात वाढण्याजोगा राहत नाही, आणि नेम जरा हलला की पूर्ण चुकतो.

छर्‍यांचा नंबरही उलटाच : आकडा मोठा तसा छर्रा बारीक. अमेरिकन मोजमापात १७ मधून नंबर वजा केला की इंचाच्या शतांशात व्यास मिळतो. ६ नंबर म्हणजे ०.११ इंच, २.८ मिलिमीटर. इतर देशांत त्याच नंबराचा छर्रा थोडा कमी-जास्त असतो, म्हणून डब्यावरचे मिलिमीटर वाचा. ससा, खार, मोठे तितर यांना ६ नंबर. होला, लावा यांना साडेसात. फार गुंतागुंत करू नका.

कागदावरचे टक्के मात्र कागदावरच राहतात. तुमची नळी आणि तुमचे काडतूस मिळून काय करतात ते स्वतः पाहावे लागते. मीटरभर रुंदीचा जाड कागद लाकडी चौकटीला ठोका, मध्ये काळा ठिपका काढा आणि पंचवीस मीटरवरून एक बार टाका. मग जवळ जाऊन नीट बघा. सर्वात दाट भाग ठिपक्यावर आहे का, की वर-डावीकडे सरकला आहे? सशाच्या आकाराचा पुठ्ठा कापून त्या भोकांवर इकडून तिकडे सरकवा. कुठे चारपेक्षा कमी छर्रे पडलेली जागा सापडते का? सापडली तर काडतूस बदला किंवा अंतर कमी करा. हा कागद पाहिल्यावर पल्ल्याबद्दलचे बरेच गैरसमज आपोआप जातात.

एकनळी, दुनळी, पंप की सेमी-ऑटो?

दुनळी मला सर्वात आवडते, नळ्या शेजारी शेजारी असोत की एकावर एक. मोडून हातावर टाकली की सोबतच्या प्रत्येकाला ती रिकामी आहे हे दिसते. कुंपण ओलांडताना, ओढा उतरताना यापेक्षा मोठा दिलासा नाही. शिवाय नळीत चिखल किंवा गवत गेले का हे डोळा लावून लगेच पाहता येते. पंप बंदूक, म्हणजे नळीखालची मूठ हाताने मागे-पुढे करून पुढचे काडतूस भरायची, स्वस्त आणि दणकट असते. रेमिंग्टन ८७० ही १९५० पासून चालत आलेली आहे, यावरून काय ते समजा. सेमी-ऑटोमध्ये धक्का कमी लागतो, पण साफसफाई जास्त. स्वस्त एकनळी हलकी असते आणि हलकी म्हणूनच खांद्याला जोरात लागते. लहान मुलाच्या हातात १२ बोअरची हलकी एकनळी देणे म्हणजे त्याला बंदुकीची कायमची भीती घालणे.

बंदूक अंगाला बसते की नाही हे कसे ओळखायचे?

याला दुकानात जितका वेळ द्याल तितका थोडा. रायफलीत नेम लावायला सवड असते, त्यामुळे थोडे इकडेतिकडे चालते. शॉटगन मात्र जिकडे नजर तिकडे जायला हवी, आणि ते दस्त्याच्या मापावर ठरते.

बंदूक रिकामी आहे हे दुकानदाराने तपासावे, मग तुम्ही तपासा. समोर सुरक्षित दिशेला भिंतीवरचा एक बिंदू निवडा. डोळे मिटा, बंदूक खांद्याला आणि गालाला नेहमीसारखी लावा, मग डोळे उघडा. नळीवरची पट्टी सपाट दिसून टोकाची माशी बरोबर मध्ये असेल, तर बंदूक तुमच्या मापाची आहे. बंदुकीची मागची बाजूच डोळ्यांसमोर आली आणि माशी दिसेनाशी झाली, तर दस्ता तुम्हाला खाली पडतो. पट्टी उतारासारखी लांबलचक दिसली, तर तो उंच आहे आणि छर्रे वर जातील. बंदूक वर उचलताना दस्ता काखेत अडकत असेल तर तो लांब आहे. अंगठा नाकाला टेकत असेल तर आखूड. नाक आणि अंगठ्यात दोन-तीन बोटांचे अंतर हवे. ही तपासणी पाच-सहा वेळा करा, आणि शिकारीत जे जाडजूड जॅकेट घालणार तेच घालून करा.

दुसरी तपासणी डोळ्यांची. दोन्ही हात पुढे ताणून तळव्यांमध्ये छोटी फट ठेवा आणि तिच्यातून दूरची एखादी वस्तू दोन्ही डोळ्यांनी पाहा. आता एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने वस्तू फटीतच राहते तो तुमचा प्रधान डोळा. उजव्या हाताच्या माणसाचा डावा डोळा प्रधान निघाला तर उडत्या पक्ष्यावर त्याचा नेम सतत बाजूला जातो आणि कारण कळत नाही. अगदी नवा माणूस असेल तर त्याने सरळ डाव्या खांद्यावरून शिकावे. बाकीच्यांनी बाराच्या वेळी डावा डोळा किंचित मिटावा, किंवा चष्म्याच्या त्या काचेवर चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावावा.

किती लांबून मारू शकेन?

बंदुकीचा पल्ला आणि तुमचा पल्ला वेगळे असतात. सशाच्या किंवा खारीच्या डोक्यात जिथे गोळी बसायला हवी ती जागा जेमतेम तीन सेंटीमीटरची. तेवढे वर्तुळ कागदावर काढा. शिकारीत ज्या स्थितीत बसणार, म्हणजे गुडघ्यावर किंवा खोडाला टेकून, त्याच स्थितीतून पाच गोळ्या झाडा. ज्या अंतरावर पाचही आत पडतात, तो तुमचा पल्ला. बऱ्याच जणांचा तो सुरुवातीला पंचवीस-तीस मीटर निघतो, आणि त्यात कमीपणा काही नाही. तेवढ्या अंतरापर्यंत दबकत पोहोचणे हीच तर शिकार.

५० मीटरवर नेम बसवलेली .२२ शंभर मीटरवर सुमारे १५ सेंटीमीटर खाली मारते. वारा वेगळाच. म्हणून शंभर मीटरवरचा ससा सोडून द्या.

एअरगनने भागेल का?

भागते, जर ती शिकारीच्या ताकदीची असेल आणि तुम्ही डोक्यावरच मारणार असाल. साधारण १६ जूल ताकदीची ५.५ मिलिमीटरची एअर रायफल तीस मीटरच्या आत सशाला आणि खारीला पुरते. ४.५ मिलिमीटरचा छर्रा सरळ जातो पण बारीक असतो. शिकारीला ५.५ घ्या, आणि छर्रे गोल टोकाचे. टोकदार छर्रे ऐटदार दिसतात, पण नेमाला सहसा मागे पडतात.

स्प्रिंगची एअरगन स्वस्त आणि साधी, पण तिला नीट चालवणे .२२ पेक्षा अवघड आहे. छर्रा नळीतून निघण्याआधीच आतला पिस्टन बंदूक हलवतो, त्यामुळे ती घट्ट आवळली की नेम फिरतो. हलक्या हाताने, दर वेळी त्याच जागी धरावी लागते. आधीच दाबलेल्या हवेच्या बंदुकीत हा त्रास नाही, पण तिला २०० बारच्या आसपास हवा भरायला पंप किंवा टाकी लागते. आणि एअरगनला खेळणे समजू नका. तिने डोळा जातो, माणूसही मरतो. सुरक्षेचे सगळे नियम तसेच्या तसे लागू आहेत.

स्कोप लगेच लावावा का?

पहिले काही डबे उघड्या साइटवर झाडा, मग ४ पट मोठे दाखवणारा साधा, चांगल्या काचेचा स्कोप लावा. रिमफायरसाठी, म्हणजे .२२ सारख्या, बुडाच्या कडेवर पिन आपटून पेटणाऱ्या गोळ्यांच्या रायफलींसाठी, बनवलेलाच घ्या. मोठ्या रायफलींच्या स्कोपचा पॅरलॅक्स शंभर मीटर आणि त्यापुढच्या अंतराला जुळवलेला असतो, त्यामुळे जवळच्या सशावर डोळा जरा सरकला की नेमही सरकतो. स्प्रिंगच्या एअरगनला तिच्यासाठीचाच स्कोप हवा, कारण तिचा दोन्ही दिशांनी बसणारा धक्का साध्या स्कोपची आतली जुळणी मोडतो.

जुनी बंदूक घ्यावी का?

जरूर. त्याच पैशात नव्यापेक्षा चांगली जुनी मिळते. पण शॉटगनच्या नळ्या काढून उजेडाकडे धरा आणि आतून पाहा. प्रकाशाची वर्तुळे एकात एक सलग दिसायला हवीत. कुठे वर्तुळ मोडले तर तिथे पोचा किंवा फुगवटा आहे. नळ्या हुकाला धरून टांगा आणि बोटाच्या पेराने वाजवा. स्वच्छ नाद आला तर मधल्या पट्ट्यांचे झाळकाम शाबूत आहे, भद्द आवाज आला तर कुठेतरी सुटले आहे. पुढचा लाकडी भाग काढून, बंदूक बंद करून हलवा, सांध्यात खडखड नको.

कोठीची लांबी विचारा, आणि नळीवर कोरलेली वाचा. जुन्या बंदुकांत ६५ मिलिमीटरच्या कोठ्या असतात. ७० मिलिमीटरचे काडतूस तिच्यात आरामात बसते, आणि तिथेच फसगत होते. काडतुसावर लिहिलेली लांबी उघडल्यानंतरची असते. बार होताना तोंड उलगडायला जागा मिळत नाही आणि दाब धोकादायक वाढतो. नळीवर पीळदार नक्षी दिसणाऱ्या दमास्कस बंदुका काळ्या दारूच्या काळातल्या. त्या जाणकार गनस्मिथने तपासून लेखी हमी दिल्याशिवाय आजच्या काडतुसांनी चालवू नका.

.२२ मध्ये नळीच्या तोंडाची कड आणि कोठीची कड पाहा. रिकामी रायफल पुन्हा पुन्हा झाडली की पिन कोठीच्या कडेवर आपटून तिथे खड्डा पडतो, मग गोळ्या फुसक्या जाऊ लागतात. म्हणून माहितीपुस्तिकेत परवानगी नसेल तर रिमफायर रिकामी झाडू नये.

शिशाचे छर्रे की पोलादाचे?

पाणथळ जागी अनेक देशांत शिसे चालत नाही. अमेरिकेत पाणपक्ष्यांसाठी देशभर शिसे १९९१ पासून बंद आहे, कारण तळाशी पडलेले छर्रे खड्यांबरोबर गिळून बदके विषबाधेने मरत होती. पोलाद शिशापेक्षा हलके, म्हणून दोन नंबर जाड छर्रा घ्या : शिशाचा ६ तर पोलादाचा ४. पोलाद दबत नाही, त्यामुळे झोत घट्ट राहतो. फुल चोक आणि जुन्या पातळ नळ्या त्यासाठी टाळाव्यात. बंदूक घेतानाच ती पोलादाला चालते का ते विचारून ठेवा, कारण शिशावरची बंधने वाढतच आहेत.

एकाच बंदुकीत रायफल आणि शॉटगन मिळते का?

मिळते. वर .२२ ची नळी, खाली २० बोअर किंवा .४१० ची. रानात फिरायला छान, पण दोन्ही कामे मध्यम करते. दुसरी किंवा तिसरी बंदूक म्हणून घ्यावी.

बंदुकीशिवाय आणखी कशाला पैसे ठेवावेत?

कानांसाठी सर्वात आधी. शॉटगनचा बार १५० डेसिबलच्या वर जातो, आणि १४० च्या वरचा एकच दणका कान कायमचा दुखवू शकतो. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. चांगले कानझाकण आवाज वीस-पंचवीस डेसिबलने कमी करते. रेंजवर आत बोळे आणि वरून झाकण, दोन्ही वापरा. मग डोळ्यांना चष्मा, कुलपाची पेटी, काडतुसांसाठी वेगळी कुलूपबंद जागा, साफसफाईची सळई. आणि उरलेल्या पैशांच्या गोळ्या. महाग बंदूक आणि दोन डबे यापेक्षा साधी बंदूक आणि दोन पेट्या गोळ्या हा सौदा कधीही चांगला.

शिकारीला जाण्याआधी किती सराव पुरे?

दिवस मोजू नका. .२२ वाल्याने वर सांगितलेली पाच गोळ्यांची चाचणी वेगवेगळ्या दिवशी, थंडीत, वाऱ्यात, दमलेले असताना पार पाडावी. शॉटगनवाल्याने मातीच्या तबकड्यांवर जावे, आणि शक्यतो सुरुवातीलाच एखाद्या शिक्षकाकडे. पळत्या निशाण्याच्या पुढे किती मारायचे आणि बारानंतरही नळी फिरती कशी ठेवायची, हे वाचून येत नाही.

जनावर जखमी झाले तर?

लगेच दुसरा बार. विचार करत थांबू नका, मांस खराब होईल याचा तर अजिबात नको. पक्षी पडला तर तो जिथे पडला त्या जागेवरून नजर हलवू नका. मागचे एखादे झाड किंवा दगड खूण म्हणून धरा आणि सरळ तिकडे चालत जा. मध्ये दुसरा पक्षी उठला तरी त्याच्यावर बार टाकू नका, नाहीतर दोन्ही जातात. खुणेच्या जागी टोपी ठेवा आणि तिच्याभोवती वाढत्या फेऱ्यांनी गवत पायाने बाजूला करत शोधा. पंख मोडलेला तितर उडत नाही, पण धावतो, आणि बहुतेक वेळा सर्वात जवळच्या दाट आडोशाकडे. शिकवलेला कुत्रा सोबत असेल तर आधी त्याला सोडा, माणसांच्या पायांनी वास मोडायच्या आत. ससा झुडपात गेला तर रक्ताचा पहिला थेंब सापडेल तिथून सुरुवात करा. तो मिळेपर्यंत नवे जनावर मारायचे नाही. आणि जिवंत सापडला तर त्याच क्षणी संपवायची पद्धत आधीच कोणा जाणत्याकडून शिकून ठेवा, पहिली गोळी झाडण्यापूर्वी.